न्याहारीची बोटी

रहिमतपूर, जि. सातारा
२० फेब्रुवारी २०२४

श्री. कोंडीबा बंडगर यांस,

स. न. वि. वि. ही अक्षरे पत्राच्या डोक्यावर असावी लागतात म्हणून लिहिली आहेत. त्यातला नमस्कार खरा धरू नये.

आपला फोन मी रविवारपासून उचललेला नाही, उचलणारही नाही. चोवीस वर्षे फौजेत काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तिथे एक शिकलो की महत्त्वाचे जे असेल ते कागदावर. फोनवर बोललेले माणूस दुसऱ्या दिवशी नाकारतो.

आपला रविराज आणि माझी संयोगिता यांनी सांगलीत बी.एड. करताना परस्पर लग्न ठरवले. जात वेगळी, मुलूख वेगळा. तीन वर्षे मी आपल्या वस्तीवर पाऊल टाकले नाही. नातू झाला, शंभूराज, तरी आलो नाही. शेवटी सौ. चंद्राबाईने घरात बोलणे टाकले, तेव्हा त्याच्या जावळाला यायचे कबूल केले. पहाटे चारला दोन गाड्या काढून आठ माणसे जतपर्यंत आलो. त्यात माझे दाजी वीरधवल होते. जावयाच्या मानाचे माणूस, कुणाच्या घरी सहज जेवत नाहीत.

आदल्या दिवशी आपण स्वतः फोनवर म्हणालात की सकाळी लवकर पोचा, न्याहारीला बोटी आहे. मी ते सगळ्यांना सांगितले. गाडीत म्हटले, बघा, व्याही लोकांनी मन मोठे केले, न्याहारीपासूनच मटणाच्या बोट्या. आणि ताटात काय आले? वजरी. बकऱ्याची आतडी. आमच्याकडे बकरे सोलणाऱ्याला मुंडी, पाय आणि वजरी देऊन वाटेला लावतात. घरची माणसे आवडीने खात असतील, पण पहिल्यांदा उंबरा चढलेल्या व्याह्यापुढे कुणी ती मांडत नाही. दाजी चारचौघांत हसले. म्हणाले, लालासाहेब, बोट्या घरच्यांनी खाल्ल्या वाटतं, तुमच्यासाठी आतडी ठेवली. ते हसणे अजून माझ्या कानात आहे. म्हणून मी ताटावरून उठलो आणि माझी माणसे घेऊन परत फिरलो.

ही चूक होती की मुद्दाम केलेला अपमान, एवढे लेखी कळवावे. चूक असेल तर माफी त्याच कागदावर असावी.

लोभाचा प्रश्न उत्तरानंतर.

लालासाहेब फडतरे

•

बंडगर वस्ती, ता. जत, जि. सांगली
२८ फेब्रुवारी

लालासाहेब व्याही यांना कोंडीबाचा रामराम. माझा रामराम खरा हाय, कारण खोटा घालायची मला सवं न्हाई.

मी सातवी शिकलोय. शुद्धलेखन बघू नका. सुनबाई लिहून देते म्हटली, पर ह्या भांडणात तिचा हात लागू नये म्हणून मी स्वतः लिवाय बसलोय.

आवं, बोटी म्हंजी बोटीच. जनावराचं आतडं आन पोट. माझा बा बोटी म्हणायचा, त्येचा बा बी बोटीच म्हणायचा. हितनं चार कोसावर कानडी मुलूख लागतो, तिथं बी बोटीच म्हणत्यात. तुमच्यात तिला वजरी म्हणत्यात हे मला ऐकून म्हाईत हाय. पर तुमी बोटी म्हंजी मटणाचा तुकडा समजाल हे मला सपनात बी आलं न्हाई. तुमी इच्यारलं आस्तं तर सांगितलं आस्तं. फोनवर तुमी नुसतं वा वा म्हटला.

आमच्यात बकरं पडलं की जे आधी शिजतं ते पावण्याचं. मटण काय, दुपारी सगळ्या गावाला हाय. बोटी एका बकऱ्याची केवढीशी निघती, ती गावाला पुरत न्हाई. म्हणून ती ज्येला द्यायची त्येचा मान.

आता दुसरं ऐका. बोटी धुणं सोपं न्हाई. आतडं काडीवर घालून उलटं करायचं, चुना लावून खरवडायचं, आन पाणी, पाणी, पाणी. आमच्याकडं टँकर आठ दिसातनं येतो. सातव्या पाण्याला वास जातो. माझ्या कारभारणीनं, बयाबाईनं, तुमच्यासाठी सात पाणी केलं. पेयाच्या पाण्यातलं. मी तिला म्हटलं, आगं, पाच पुरं झालं. ती म्हटली, त्ये पाटाच्या पाण्यावरचं लोक हायती, त्यांस्नी वास आला तर काय म्हंतील. पुढचं तीन दीस आमी शेजाऱ्याकडनं घागरी आणून भागवलं.

तुमी उठला. तुमच्या मागं सगळी उठली. चुलीवर भाकरी तशीच करपली. तुमच्या ताटाला हात कोण लावंना. उष्टं न्हवतं, कारण तुमी घास बी मोडला न्हवता, पर ते ताट कुणालाच धरवंना. मग बयाबाई तुमच्या पाटावर बसली आन तुमचं ताट तिनं खाल्लं. सगळं. मी तिला चाळीस वर्सं बघतोय, तिला तसं जेवताना मी बघितलं न्हवतं.

तवा माफी हिकडनं निघणार न्हाई. ती तिकडनं यायला पायजे, आन ती माझ्याकडं नगो, तिच्याकडं.

नातू बरा हाय. डोकं भादरल्यावर लय गोजिरा दिसतोय. दुपारपतोर थांबला आस्ता तर बघाय मिळाला आस्ता.

कोंडीबा

•

रहिमतपूर
८ मार्च २०२४

श्री. बंडगर,

आपले पत्र पोचले. मी काल साताऱ्याला जाऊन वाचनालयात शब्दकोश काढून बघितला. बोटी म्हणजे मांसाचा लहान तुकडा. तिथले पान हाताने उतरवून सोबत जोडले आहे. आपल्या वस्तीवर आणि पलीकडच्या कानडी मुलखात काय म्हणतात त्याच्याशी मराठीला देणेघेणे नाही. अर्धी भाषा इकडची, अर्धी तिकडची बोलायची आणि समोरच्याला समजले नाही म्हणून दोष द्यायचा, हा न्याय मला मान्य नाही.

पाण्याचे आपण लिहिलेत. पाणी कमी आहे तर कमी पाण्यात होणारे काही करायचे होते. पोहे करायचे होते. मी खाल्ले असते.

राग मानू नका, पण जन्म मेंढरांमागे हिंडण्यात गेलेल्या माणसाला पाहुणा कसा बसवायचा हे कुणी शिकवलेले नसते. यात आपला दोष नाही. दोष माझा, की मी आलो.

माझ्या ऋषिराजचे लग्न २६ एप्रिलला ठरले आहे. तो सुट्टीवर येतो आहे. संयोगिता, शंभूराज आणि जावईबापू यांना निमंत्रण आहे, पत्रिका त्यांच्या नावाने येईल. आपणा उभयतांना पत्रिका पाठवलेली नाही हे टपालाची चूक समजू नये.

लालासाहेब

•

बंडगर वस्ती
१७ मार्च २०२४

तीर्थरूप आबांना,

संयोगिताचा नमस्कार. आईलाही सांगा.

तुमचं दुसरं पत्र मामांनी मला दाखवलं नाही. पहिलं दाखवलं होतं. दुसरं त्यांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवून बांधावर जाऊन बसले. संध्याकाळी रविराजनं ते त्यांच्या सदऱ्यातून काढून वाचलं. मेंढरांमागे हिंडण्याचं वाक्य त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं की हे तुझ्या वडिलांचं अक्षर आहे ना. मी म्हटलं, हो. त्यानंतर आम्ही दोघं त्यावर बोललेलो नाही. तो वर्गातल्या पोरांना शिकवून येतो, शंभूला खेळवतो, माझ्याशी नीट वागतो. पण जेवताना माझ्याकडे बघत नाही.

आबा, एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. मला बोटी म्हणजे काय ते माहीत होतं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझीही अशीच फसगत झाली होती. आत्याबाईंनी बोटी वाढली, मी वाटीत बोट घालून मटण शोधत बसले. त्या इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग मीही हसले, आणि आम्ही दोघी एका ताटात जेवलो. तुम्ही येणार त्याच्या आदल्या दिवशी मामा तुमच्याशी फोनवर बोलत होते तेव्हा मी शेजारीच शंभूला घेऊन उभी होते. मी फोन घेऊन सांगू शकले असते, की आबा, इथं वजरीला बोटी म्हणतात. नाही सांगितलं. मला वाटलं, जे वाढलेलं असेल ते तुम्ही खाल. तीन वर्षांनी आलात, म्हणजे खाल. मला ते बघायचं होतं. हा माझा दोष, आणि तो मी लेखी कबूल करते आहे.

पण बाकीचा दोष वाटून घेणार नाही. आपल्या घरी रविवारी आई वजरी करायची तेव्हा पातेल्याच्या तळाची तुम्ही मागून घ्यायचात. आम्हा दोघांना वाटणीची भांडणं करावी लागायची. तुम्ही शब्दावरून उठला नाहीत, आबा. वजरीवरूनही उठला नाहीत. तुमचे दाजी हसले म्हणून उठलात. आणि ते हसले ते आतड्यांना नाही, माझ्या सासरला हसले. तुम्ही त्यांना गप्प बसवायचं सोडून त्यांच्या बाजूनं उभे राहिलात.

ऋषिराज माझा भाऊ आहे. त्याला हळद लावायला मी येईन. रविराज येणार नाही. माझ्या सासूसासऱ्यांना ज्या मांडवात जागा नाही तिथं मी अन्नाला शिवणार नाही, पाणीसुद्धा पिणार नाही. आईनं मला आग्रह करू नये, तिला आधीच सांगून ठेवा.

तुमची
संयोगिता

•

रहिमतपूर
२३ मार्च २०२४

चि. संयोगितास,

पत्र वाचले. लग्नाला ये. उपाशी राहायचे असेल तर राहा. पलटणीत रुसून लंगरावर न येणारे जवान मी पुष्कळ बघितले. दुसऱ्या दिवशी सकाळी थाळी घेऊन रांगेत पहिले तेच असत.

बापाला त्याचे वागणे लेकीने शिकवायचे दिवस आले, हे समजले.

आशीर्वाद द्यायची सवय आहे म्हणून देतो.

आबा

•

रहिमतपूर
३० एप्रिल

लाडके संयू,

तुझ्या आईचा आशीर्वाद. मला लिवायची सवय न्हाई हे तुला ठावं हाय. पर फोनवर बोलले तर मला रडू येतंय आन यांना ऐकू जातंय, म्हणून दुपारच्याला यांचा डोळा लागल्यावर बसलेय.

तू चारच्या एष्टीनं गेलीस. तुला न दिसता आन तू गेल्यावर काय काय झालं ते तुला कळाय पायजे.

तू उपाशी ऱ्हाणार न्हाईस हे यांनी धरलंच होतं. सकाळपासनं मला सांगत होते की बघ, पंगत बसली की येती का न्हाई. तू ऋषीला हळद लावलीस, अक्षता टाकल्यास, नव्या नवरीला जवळ घेतलंस, सगळं हसून केलंस, आन पंगतीच्या येळेला मांडवाच्या मागं पत्र्याच्या सावलीला जाऊन बसलीस. यांनी तुला हुडकत हुडकत मागं येऊन बघितलं. तुला दिसले न्हाईत ते. तू डबा उघडला व्हतास. तुझ्या सासूनं दिलेला, दहीभाताचा. शंभूला भरवत होतीस आन तो तोंड पसरून खात होता. पुढं मांडवात सातशे माणूस जेवतंय, बुंदी हाय, पुरी हाय, आन ह्या घराचा नातू जतवरनं आणलेल्या डब्यातला भात खातोय. मी यांच्या मागंच उभी होते. तुझा बाप असा उभा ऱ्हायलेला मी कवा बघितला न्हवता. सुट्टी संपवून बॉर्डरवर जाताना बी न्हाई.

मग शेवटची पंगत. वीरधवल दाजी बसले व्हते, हे स्वतः वाढत होते. दाजींनी इच्यारलं, पोरगी जेवली का. हे म्हटले, न्हाई. तवा दाजी हसून म्हटले की आता तिला आपलं गोड कुठलं लागतंय, ती आतडी खाणाऱ्यांची झाली. चारपाच माणसं हसली. यांनी बुंदीचं ताट खाली ठिवलं. दाजींच्या पुढची पत्रावळ उचलली, वाढलेली, आर्धी खाल्लेली, आन घडी घालून हातात धरली. म्हटले, दाजी, माझ्या लेकीच्या घराचं नाव या मांडवात पुन्हा काढलं तर बहिणीचं माहेर आज बंद. दाजी उठले. वन्स रडत गेल्या. त्या दिवसापासनं तिकडचा फोन न्हाई. मला वाईट वाटतंय, वन्सांचा काय दोष. पर खरं सांगू, ह्यातलं निम्मं यांनी फेब्रुवारीतच कराय पायजे होतं.

आता माझं सांगते, हे कुणाला सांगितलेलं न्हाई. त्या दिवशी तुमच्याकडं मी बायकांत बसून बोटी खाल्ली होती. दोन घास झाले होते. लय चवीची होती, माझ्या हाताला तशी येत न्हाई. तिसरा घास हातात होता आन यांनी बाहेरनं हाक मारली, चल. मी घास ताटात टाकला आन उठले. तुझी सासू भाकरी घेऊन दारात उभी होती, तिच्या अंगावरनं गेले. यांना निदान राग होता. मला तर राग बी न्हवता, नुसती सवय. त्याची मला लाज वाटती. बयाबाईंना हे वाचून दाखव.

शंभूला पापा.

तुझी आई

•

रहिमतपूर
६ मे २०२४

सौ. बयाबाई बंडगर यांना,

लालासाहेब फडतरे यांचा नमस्कार.

आपण वाचत नाही हे मला माहीत आहे. संयोगिताकडून वाचून घ्यावे. तिने वाचावे अशी माझीही इच्छा आहे.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडले. म्हणून थोडक्यात लिहितो. १८ फेब्रुवारीला आपण वाढलेल्या ताटावरून मी उठलो. ते चुकले. आपण केलेले कष्ट मला त्या वेळी माहीत नव्हते. पण माहीत नसले तरी उठायला नको होते. व्याह्यांना लिहिलेल्या पत्रात मेंढरांबद्दल जे वाक्य आहे ते लिहिताना मला ठाऊक होते की ते कुठे लागेल. लागावे म्हणूनच लिहिले. ते मी मागे घेतो. तो कागद त्यांनी फाडून टाकावा.

शब्दाबद्दल माझे मत बदललेले नाही. बोटी म्हणजे तुकडा. आपण म्हणता त्या पदार्थाला वजरी म्हणतात. पण तो वेगळा विषय आहे, आणि त्यासाठी कुणी कुणाच्या दारातून उपाशी जायचे कारण नव्हते.

आपली परवानगी असेल तर एखाद्या रविवारी मी आणि सौ. येऊ. दोघेच. जे वाढाल ते जेवू. तारीख आपण कळवावी.

आपला नम्र
लालासाहेब

•

बंडगर वस्ती
१५ मे २०२४

लालासाहेब व्याही यांना बयाबाईचा नमस्कार.

अक्षर तुमच्या लेकीचं हाय, बोलणं माझं हाय. तिला मी सांगितलंय की मी बोलते तसंच लिव, सोज्वळ करू नगोस. मधी तिचं डोळं भरलं म्हणून दोनदा थांबलो. कागदावर डाग दिसला तर तो तिचा, माझा न्हवं.

तुमचं पत्र मी दोन येळा ऐकलं. तुमी फौजेतलं माणूस, तुमच्या हातनं असं पत्र निघणं सोपं न्हाई, एवढं मला कळतंय. वीरधवल पावण्यांच्या पुढची पत्रावळ उचलली ते बी कळलं. बरं केलं. आमच्या चंद्राबाईंना सांगा की त्यांच्यावर माझा राग न्हाई. बाईनं हाकंसरशी उठायचं आस्तं, ते मी बी चाळीस वर्सं केलंय. त्यांना कवाबी येऊ दे. एष्टीनं येऊ दे, आमचं माणूस फाट्यावर न्याया थांबंल.

आता तुमचं. तुमचा तो कागद आमी फाडणार न्हाई. ह्यांनी पेटीत ठिवलाय. शंभू मोठा झाला की वाचंल. त्येच्या दोन्ही आजोबांनी काय केलं ते त्येला कळाय पायजे, तुमी माफी मागितली ते बी कळंल, कारण हे पत्र बी त्याच पेटीत जाणार हाय.

बोटीला तुमी वजरी म्हणा न्हाईतर आणि काय म्हणा, मला त्याचं काय न्हाई. ह्यांना मातूर हाय. ह्यांनी तुमचा तो पुस्तकातला उतारा मास्तराला दावला, बाजारात चार माणसांत दावला, आन ते अजून धुसफुसत हायती. त्ये तुमी दोघं बघून घ्या.

संयोगिता येत्या शनवारी तुमच्याकडं येईल, पोराला घेऊन, महिनाभर ऱ्हाईल. रविराज सोडाय येणार हाय. ती तिथं जेवणार हाय. मी तिला सांगितलंय की बापाच्या घरात उपास धरू नगोस, तुझ्या तोंडाकडं बघून लोक माझ्या घराला नावं ठेवत्यात. तिला अंडी सोसत न्हाईत हल्ली, पोट बिघडतंय. ध्यान ठेवा.

तुमी मातूर हिकडं यायची घाई करू नका. तुमी या म्हणून मी आज म्हटलं, तर ते तोंडदेखलं व्हईल. मला रागानं वाढाय येत न्हाई. माझा राग अजून गेला न्हाई. जाईल कवातरी. गेला की मी सांगावा धाडीन. तवर तारीख मागू नका.

खाली लोभ असावा असं लिवायचं म्हणून तुमची लेक मघापासनं पेन धरून बसलीय. मी तिला म्हटलं, ते नगो. लोभाचं पुढं बघू, असं लिव.

बयाबाई
(सही माझी मी केलीय.)